हुकूम न आलेली रात्र

९ नोव्हेंबर १९८९, गुरुवार. संध्याकाळचे सात वाजत आलेत आणि तुम्ही पूर्व बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय पत्रकार केंद्रात मागच्या भिंतीला टेकून उभे आहात. व्यासपीठावर सत्ताधारी पक्षाचे नेते ग्युंटर शाबोव्स्की तासभर बोलतायत. पत्रकार कंटाळलेत. तेवढ्यात इटलीचे रिकार्दो एरमान परदेशप्रवासाच्या नियमांबद्दल विचारतात. शाबोव्स्की कागदांत हात घालतात, एक कागद शोधून वाचतात : कुठलंही कारण न दाखवता परदेशी जाण्याचा परवाना मागता येईल, तो लवकर दिला जाईल. कधीपासून? ते कागद उलटसुलट करून पाहतात. माझ्या माहितीप्रमाणे ताबडतोब, विनाविलंब, असं उत्तर येतं.

ही बातमी पहाटे चारपर्यंत बाहेर फोडायची नव्हती. शाबोव्स्कींना ते माहीत नाही. मसुद्यावर चर्चा झाली तेव्हा ते हजर नव्हते.

आता इथे थांबू नका. त्या रात्रीची गोष्ट सांगणारे बहुतेक जण या दालनातच रेंगाळतात आणि एका माणसाच्या चुकीने भिंत पडली असं सांगून मोकळे होतात. मला ते पटत नाही. ट्राम पकडा आणि उत्तरेला बॉर्नहोल्मर श्ट्रासला चला.

पुलाच्या तोंडाशी चौकी आहे. पलीकडे पश्चिम बर्लिन. चौकीवर आज लेफ्टनंट कर्नल हाराल्ड येगर आहेत. १९६४पासून ते याच नाक्यावर नोकरी करतायत. शाबोव्स्कींचे शब्द त्यांनी जेवताना टीव्हीवर ऐकले आणि ताडकन उठून वरिष्ठांना फोन लावला. उत्तर आलं, लोकांना परत पाठवा. बाहेर तेव्हा मोजकीच माणसं होती. साडेआठच्या सुमारास पोलिसांची गाडी येते, भोंग्यावरून सांगते : परवाना उद्या कचेरीत मिळेल, घरी जा.

कोणी जात नाही. उलट मागून माणसं येतच राहतात. कुणी स्वेटरवर कोट चढवून, कुणी ट्राबांट गाडीतून. गाड्यांची रांग मागे दूरवर लागलीय. तुमच्या शेजारी एक बाई नवऱ्याचा हात घट्ट धरून उभी आहे. तुम्हाला शेवट माहीत आहे, तिला नाही. तिला काय माहीत आहे ते आठवा. १३ ऑगस्ट १९६१पासून ही भिंत उभी आहे आणि तिच्यापायी किमान १४० माणसं मेलीत. विशीतला ख्रिस गेफ्रॉय गोळ्या लागून पडला तो याच वर्षी, फेब्रुवारीत. जूनमध्ये बीजिंगमध्ये विद्यार्थ्यांवर रणगाडे गेले आणि तिच्या देशाच्या संसदेने त्या कारवाईची पाठराखण केली. फाटकाशी उभं राहणं म्हणजे काय, हे तिला पुरतं कळतं.

पण तिला आणखीही एक गोष्ट माहीत आहे. बरोबर महिन्यापूर्वी, ९ ऑक्टोबरला, लाइपझिगच्या रस्त्यांवर सुमारे ७० हजार माणसं चालली. शहरात सशस्त्र पोलीस सज्ज होते, रुग्णालयांत जादा रक्ताची तजवीज केल्याची बोलवा होती. तरी माणसं चालली, आणि गोळी सुटली नाही. आजच्या गर्दीचा धीर त्या सोमवारी कमावलेला आहे. तो नसता तर शाबोव्स्कींचं वाक्य दुसऱ्या दिवशी एक खुलासा काढून मिटवता आलं असतं.

आरोळी उठते, फाटक उघडा! मग दुसरी, आम्ही परत येऊ! ही दुसरी मला फार मोलाची वाटते. देश टाकून पळणारी माणसं असं ओरडत नाहीत. आपल्या घरातून बाहेर जायचा आणि घरी परत यायचा हक्क ती मागतायत.

नवाच्या पुढे वरून युक्ती येते : जास्त आरडाओरडा करणाऱ्यांना पलीकडे सोडा, पण ओळखपत्रावरच्या फोटोवर शिक्का मारा. तो शिक्का म्हणजे नागरिकत्व गेलं, परतीची वाट बंद. जाणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही. मागे राहिलेल्यांना एवढंच दिसतं, की काही जण गेले. मग आपण का नाही?

थोड्या वेळाने एक तरुण जोडपं पुलावरून परत येतं. पलीकडे नुसता फेरफटका मारला, घरी मुलं झोपलीत. फोटोवर शिक्का आहे. नियमाप्रमाणे त्यांना आत घेता येत नाही. येगर नियम बाजूला ठेवतात आणि त्यांना आत घेतात. मला विचाराल तर भिंतीला पहिला तडा इथे गेला, एका आईला तिच्या मुलांकडे जाऊ दिलं तेव्हा.

पावणेअकराच्या सुमारास पश्चिमेकडच्या टीव्हीवर निवेदक सांगतो, भिंतीची दारं सताड उघडी आहेत. ती अजून उघडलेली नाहीत, पण पूर्व बर्लिनमध्ये घरोघर हीच वाहिनी पाहतात आणि ते ऐकून आणखी माणसं घराबाहेर पडतात. तारेचं कुंपण गर्दीच्या रेट्याने वाकतंय. येगर यांच्या माणसांकडे पिस्तुलं आहेत. एक जरी घाबरला, तरी चेंगराचेंगरीत किती जातील सांगता येत नाही. येगर पुन्हा फोन करतात. वरून ठोस हुकूम येत नाही, येणारही नाही. साडेअकराच्या सुमारास ते स्वतः ठरवतात : तपासणी बंद, अडसर वर.

लोट तुम्हाला पुलावर ढकलतो. अनोळखी माणसं मिठ्या मारतात, पलीकडचे लोक ट्राबांटच्या टपांवर थापा मारत बाटल्या पुढे करतात. या गर्दीत पस्तिशीची एक भौतिकशास्त्रज्ञ आहे. नेहमीच्या गुरुवारसारखी सौना आटोपून ती थेट इकडे आलीय. पलीकडे अनोळखी लोकांच्या घरी ती बिअर घेते आणि सकाळी कामावर जायचं म्हणून परत फिरते. आंगेला मेर्केल तिचं नाव.

तिच्यासारखे हजारो जण त्या रात्री घरी परत आले.