टोमॅटो, काकडी आणि देवाचं नाव

अमेरिकेत शनिवारची सकाळ ही वर्षानुवर्षं मुलांच्या कार्टूनची वेळ होती. सप्टेंबर 2006 मध्ये एनबीसी या मोठ्या वाहिनीने त्या वेळेत ‘व्हेजीटेल्स’ दाखवायला सुरुवात केली. बॉब नावाचा टोमॅटो आणि लॅरी नावाची काकडी मुलांना गोष्टी सांगतात, असा हा कार्यक्रम. फिल व्हिशर आणि माइक नॉरोकी यांनी तो 1993 मध्ये व्हिडिओ कॅसेटवर सुरू केला आणि ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानांतून तो लाखो घरांत पोचला होता. देवाने तुम्हाला खास घडवलंय आणि त्याचं तुमच्यावर प्रेम आहे, अशा अर्थाचा निरोप देऊन बॉब आणि लॅरी मुलांची रजा घेत. एनबीसीवर हा निरोपच कापला गेला. बायबलची वचनं गेली, देवाचे उल्लेखही गाळले गेले.

या भाज्यांच्या गोष्टी आपल्याला परक्या नाहीत. 1996 च्या एका भागात हजरत दाऊद आणि जालूत यांची गोष्ट आहे. त्यात जालूत म्हणजे एक अगडबंब लोणच्याची काकडी! 2002 चा त्यांचा चित्रपट हजरत युनूस यांच्यावर आहे. पैगंबरांना अशा रूपात दाखवणं मुस्लिम घरात कुणाला रुचणार नाही, मलाही नाही. पण मर्यादा त्यांनीही घातली होती. येशूला भाजीच्या रूपात कधीच दाखवायचं नाही, हा व्हिशर यांचा नियम होता. आपण ही रेघ सगळ्याच पैगंबरांभोवती ओढतो, त्यांनी ती एकाभोवती ओढली.

एनबीसीने हा कार्यक्रम घेतला तो काही भक्तिभावाने नव्हे. 1990 चा मुलांच्या टीव्हीविषयीचा कायदा आणि 1996 मध्ये त्याखाली झालेला नियम यांमुळे वाहिन्यांना आठवड्याला 3 तास शैक्षणिक कार्यक्रम दाखवणं भाग पडलं होतं. ‘व्हेजीटेल्स’ त्या रकान्यात बसत होता. व्हिशर यांची कंपनी 2003 मध्येच दिवाळखोरीत निघून विकली गेली होती, त्यामुळे अंतिम शब्द त्यांचा नव्हता. इतकं कापणार हे आधी कळलं असतं तर आपण या कामाला होच म्हटलं नसतं, असं त्यांनी नंतर जाहीरपणे लिहिलं. पालकांच्या एका संघटनेने आरडाओरडा केला. वाहिनीने आधी वेळेच्या मर्यादेकडे बोट दाखवलं. मग कोणत्याही एका धर्माची बाजू आम्ही मांडत नाही, असंही सांगितलं.

वाहिनीचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. त्याच टीव्हीसमोर ज्यू मूल बसतं, मुस्लिम मूल बसतं, काहीच न मानणाऱ्या घरातलंही बसतं. पण दाऊद यांच्या गोष्टीतून देव काढला तर उरतं काय? एका मुलाने गोफणीने एका दांडगटाला लोळवलं, एवढंच. सूरह बकरहमध्ये जालूतचा पराभव अल्लाहच्या हुकमाने होतो. तो हुकूमच तर गोष्टीचा कणा आहे.

मग 1965 कडे बघावंसं वाटतं. 9 डिसेंबरला सीबीएसवर चार्ली ब्राऊनच्या नाताळचा कार्टूनपट लागला, प्रायोजक कोका-कोला. त्यात लायनस नावाचा छोटा मुलगा रंगमंचावर उभा राहून येशूच्या जन्माचा लूकच्या शुभवर्तमानातला उतारा चक्क म्हणून दाखवतो. बायबल टीव्हीवर कसं चालेल, अशी शंका दिग्दर्शक बिल मेलेंडेझ यांनाच होती. चित्रकार चार्ल्स शुल्झ हटले नाहीत. वाहिनीच्या साहेबांना एकूण प्रकार संथ वाटला, आवडला नाही. पण जाहीर झालेली तारीख डोक्यावर आली होती. त्या रात्री चालू असलेल्या टीव्हींपैकी जवळपास निम्म्या संचांवर तोच लागला होता. मग तो दरवर्षी दाखवला जाऊ लागला.

41 वर्षांत अमेरिका कमी धार्मिक झाली म्हणून हा फरक पडला, असं उत्तर मला पुरत नाही. लायनसचे शब्द बहुसंख्यांच्या सणात विरघळून गेले. ते कुणाला धर्मप्रचार वाटलेच नाहीत. बॉब-लॅरीचा निरोप सणाचा नव्हता, दर आठवड्याचा होता आणि थेट मुलाला उद्देशून होता. सण टीव्हीला पचतो, श्रद्धा अडकते. 1995 मध्ये निकेलोडियनच्या ‘रगरॅट्स’ने ज्यूंचा पासोव्हर दाखवला. त्यात आजोबा मुलांना हजरत मूसा यांची गोष्ट सांगतात. तिथेही धर्म आला तो घरातली रीत म्हणून, आजोबांच्या तोंडून.

आपल्याकडे 25 जानेवारी 1987 ला दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झालं, तेव्हा काय कापायचं हा प्रश्नच आला नाही. पुढच्या वर्षी ‘महाभारत’ आलं आणि त्याचे संवाद राही मासूम रझा यांनी लिहिले. दोन्ही मालिका मुस्लिम मोहल्ल्यांतही बघितल्या गेल्या, हे आमच्या पिढीला सांगायला नको. त्यातून शेजाऱ्याची श्रद्धा आम्हाला कळली. शेजारच्या मुलाला आमची किती कळली? मुलांच्या कार्यक्रमांत मला मुस्लिम घर दिसलं ते बहुतेक ईदलाच. शीरखुर्मा, नवे कपडे, गळाभेट. रोजा कशासाठी धरला हे सांगेपर्यंत जाहिरात लागते.