जोर आणि दमसास

आमच्या घरात व्यायामाचे दोन पंथ होते आणि त्यांचे एकमेकांशी पटत नसे. वडील, म्हणजे आमचे अण्णा, चालणाऱ्यांच्या पंथाचे. पुण्यातल्या आमच्या पेठेतून ते पहाटे पाचला निघत. डोक्याला मफलर, पायांत कॅनव्हासचे बूट आणि हातात छत्री, मग पावसाळा असो वा नसो. पर्वती चढून उतरून ते सातच्या आत घरी परतत आणि चहाचा पहिला घोट घेता घेता आम्हा झोपाळूंकडे दयार्द्र दृष्टीने पाहत. मी लोखंडाच्या पंथाचा. १९७८ साली, वयाच्या १९ व्या वर्षी, एका व्यायामशाळेत नाव घातले आणि डंबेल्स व बारबेल यांच्यापुढे दुसरे दैवत मानले नाही. "अण्णा, चालणे म्हणजे का व्यायाम? तो तर पोस्टमनही करतो," असे मी म्हणे. अण्णा शांतपणे उत्तर देत, "आणि तुझे ते ओझे उचलणे हमालही करतो. त्याला निदान पैसे मिळतात!"

हा वाद पंचवीस-तीस वर्षे चालला आणि शेवटी निकाल दोघांच्याही विरुद्ध लागला.

माझा निकाल २००४ साली लागला. मुलीच्या हट्टाखातर सिंहगड चढायला गेलो. वय ४५, दंड शाबूत, छाती शाबूत, पण पहिल्याच चढावर छातीचा भाता असा काही फुलला की तीनदा दगडावर बसावे लागले. ताकाचे मडके डोक्यावर घेऊन गड चढणारी एक आजीबाई क्षणभर थांबली, "बसा दादा, गड कुठं पळून जात न्हाई," म्हणाली आणि पुढे निघून गेली. मुलगी हसली नाही, हेच मला जास्त लागले.

अण्णांचा निकाल अधिक कठोर होता. सत्तरीनंतर त्यांची पर्वती सुटली होती, पण सपाट रस्त्यावरचे चालणे चालूच होते. २००९ च्या पावसाळ्यात, ८१ व्या वर्षी, न्हाणीघरात त्यांचा पाय घसरला. हाड मोडले नाही. परंतु त्यांना जमिनीवरून उठता येईना. हाक मारायचा संकोच वाटला म्हणून अर्धा तास ते भिंतीला टेकून तसेच बसून राहिले. डॉक्टरांनी तपासले आणि म्हणाले, "हृदय अगदी ठणठणीत आहे, पण मांड्या पार वाळल्या आहेत." ज्या माणसाने आयुष्यभर मैलोगणती रस्ता तुडवला, त्याला स्वतःच्या देहाचे वजन हातभर वर उचलता येऊ नये, ही गोष्ट मला झोपू देईना. तेव्हापासून मी हा प्रश्न जुन्या-नव्या पुस्तकांतून धुंडाळू लागलो. वाचकहो, त्या शोधाची ही हकीकत आहे.

पहिला धडा घराजवळच मिळाला. तो मी तरुणपणीच ऐकला होता, पण कानांआड केला होता. आमच्या पेठेतल्या तालमीत एक म्हातारे वस्ताद होते. माझे फुगवलेले दंड पाहून ते एकदा म्हणाले होते, "पोरा, बेडकुळी दाखवायला असते. लढायला दम लागतो." आपल्या भाषेत यासाठी किती नेमका शब्द आहे पाहा: दमसास. दम आणि सास, म्हणजे श्वास. ताकदीला जोर म्हणावे आणि टिकण्याला दमसास. दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे आपल्या तालमींना ठाऊक होते, आणि दोन्ही एकाच मातीत कमवाव्या लागतात हेही ठाऊक होते.

तालमीतली मेहनत आठवा. प्रथम फावड्याने हौदातली माती उकरायची. हीच अंग गरम करण्याची सुरुवात. मग जोर आणि बैठका. जोर काढताना अर्ध्या देहाचा भार हातांवर आणि खांद्यांवर येतो, बैठक मारताना सगळा मांड्यांवर. पहिल्या वीस-पंचवीस बैठका ताकदीच्या. पण पैलवान शेकड्यांनी बैठका मारतो तेव्हा त्याच बैठका दमाच्या होतात. त्यावर जोडी फिरवायची, मल्लखांबावर चढायचे, लेझीम घ्यायची. आज शाळेच्या मिरवणुकीत दिसणारी लेझीम हलकी. तालमीतली लोखंडी साखळीची लेझीम तासभर खेळून पाहावी, म्हणजे खांदे आणि फुप्फुसे यांपैकी आधी कोण शरण येते ते कळेल. शेवटी प्रत्यक्ष लढत. कोल्हापुरात शाहू महाराजांनी उभारलेले खासबागेचे मैदान १९१२ साली पुरे झाले. तशा मैदानांत जुन्या निकाली कुस्तीला घड्याळ नसे. चितपट होईपर्यंत झुंजायचे. तिथे नुसत्या जोराचा मल्ल पहिल्या काही मिनिटांतच ओळखू येई.

लोकमान्य टिळकांनी डेक्कन कॉलेजातले पहिले वर्ष पुस्तके बाजूला सारून शरीर कमावण्यात घालवले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. परीक्षा बुडाली, प्रकृती मिळाली. पण त्यांनी केले काय? तालीम केली आणि भरपूर पोहले. एक जोराचा व्यायाम, एक दमाचा. पुढे मंडालेची सहा वर्षे त्या देहाने सोसली, तिची तयारी या वर्षात झाली असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

मग हे दोन भाऊ वेगळे कधी निघाले? याचे उत्तर शोधताना युजेन सँडो हे नाव पुढे येते. १८६७ साली प्रशियातल्या कोनिग्सबर्ग येथे जन्मलेला हा बलदंड पुरुष युरोप-अमेरिकेच्या रंगभूमीवर आपले स्नायू दाखवून विख्यात झाला. त्याने पुस्तके लिहिली, डंबेल्स आणि स्प्रिंगची साधने विकली आणि १९०४-०५ साली हिंदुस्थानचा दौराही केला. त्याच्या आधीही लोक वजने उचलीत. पण आरशासमोर उभे राहून एकेक स्नायू घडवावा, ही कल्पना घरोघर पोचवली ती सँडोने. दमसास काही आरशात दिसत नाही. म्हणून तो मागे पडला.

सँडोचे एक निष्ठावंत शिष्य आपल्या महाराष्ट्रातच होते, आणि तेही राजघराण्यातले. औंधचे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १८९७ साली सँडोची पुस्तके आणि साधने मागवली आणि सुमारे दहा वर्षे नेमाने तो व्यायाम केला. पुढे १९०८ च्या सुमारास ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि जन्मभर त्यांचेच झाले. औंध संस्थानातल्या शाळांमध्ये त्यांनी नमस्कार सुरू केले, त्यावर पुस्तके लिहिली. १९३८ साली त्यांचे इंग्रजी पुस्तक विलायतेतल्या वाचकांपर्यंत पोचले. सूर्यनमस्कारात धर्म किती आणि कवायत किती, हा वाद येथे नको. व्यायाम म्हणून पाहिले तर त्यात हातांवर भार आहे, पायांवर भार आहे, कणा वाकतो आणि ताठ होतो. आणि न थांबता घातले तर छातीचा भाताही चालू लागतो. मात्र त्यात एक उणीव आहे, तीही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. वजन तेच राहते, आपल्याच देहाचे. संख्या वाढवली की दम वाढत जातो; जोर मात्र एका पायरीपाशी थबकतो.

आता १९५० नंतरची गोष्ट. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी फ्रीस्टाइल कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. त्या स्पर्धेत एक लांबलेली कुस्ती संपताच पुरेशी विश्रांती न मिळता त्यांना पुढच्या लढतीला उभे राहावे लागले, असे सांगतात. जोर आणि दमसास यांचा हिशेब तिथे मिनिटांत होतो.

पुढच्याच वर्षी, १९५३ साली, लंडनमध्ये जेरेमी मॉरिस या डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. लंडनच्या दुमजली बसमधले ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची त्यांनी तुलना केली होती. गणवेश एक, बस एक. पण ड्रायव्हर दिवसभर बसलेला आणि कंडक्टर कामाच्या दिवसात ५०० ते ७५० पायऱ्या चढणारा. हृदयविकार कंडक्टरांत कमी आढळला, आणि झालाच तर ड्रायव्हरांपेक्षा सौम्य. मुंबईची दुमजली बस ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे चित्र डोळ्यांसमोर आणायला वेळ लागणार नाही. अण्णांच्या पंथाला आता शास्त्राचा आधार मिळाला. १९६८ साली अमेरिकेच्या हवाई दलातले डॉक्टर केनेथ कूपर यांनी 'एरोबिक्स' हे पुस्तक लिहिले आणि लाखो माणसे रस्त्यावर पळू लागली. बारा मिनिटांत किती अंतर धावता यावर ते माणसाचा दम मोजत. वजने उचलण्याला त्यांच्या त्या पुस्तकात फारसा मान नव्हता. आरशावाला पंथ एकीकडे आणि घड्याळवाला दुसरीकडे, अशी वाटणी पुरी झाली.

या भांडणात तेल ओतणारा एक प्रयोग १९८० साली झाला. रॉबर्ट हिक्सन हे अमेरिकन संशोधक स्वतः वजने उचलणारे. ते आपल्या वडीलधाऱ्या सहकाऱ्याबरोबर धावू लागले आणि ताकद ओसरत चालल्याचे त्यांना जाणवले, अशी कथा आहे. त्यांनी माणसांचे तीन गट केले. एक नुसत्या ताकदीचा, एक नुसत्या दमाचा, आणि एक दोन्हींचा. दहा आठवड्यांनी दिसले ते असे की, दोन्ही करणाऱ्यांचा दम छान वाढला, पण ताकद सातव्या-आठव्या आठवड्यापासून अडली आणि शेवटी उतरू लागली. झाले! लोखंडी पंथाने डंका पिटला, 'धावू नका, दंड वाळतील.' मीही तो डंका ऐकला होता आणि सोयीस्कर म्हणून मान्य केला होता.

मूळ हिशेब पाहिल्यावर मात्र मी चरकलो. त्या तिसऱ्या गटाने आठवड्यात ५ दिवस ताकदीची आणि ६ दिवस दमाची, अशी दोन्ही मेहनत अगदी जोमाने केली होती. इतके केल्यावर भीमसुद्धा थकेल. भांडण जोर आणि दमसास यांचे नव्हते. भांडण अति मेहनत आणि अपुरी विश्रांती यांचे होते. नंतरच्या संशोधनातून हेच पुढे आले की, सामान्य माणसाने बेताने दोन्ही केले तर एकाने दुसऱ्याचे फारसे नुकसान होत नाही. दोहोंत काही तासांचे अंतर ठेवले तर उत्तमच, आणि एकाच वेळी करायचे झाले व ताकद वाढवणे हा हेतू असला तर वजने आधी, धावणे मागाहून.

आणि म्हाताऱ्यांचे काय? हा माझा खरा प्रश्न होता. १९९० साली बोस्टनमध्ये मारिया फियाटारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदीच्या आसपासच्या १० अशक्त वृद्धांना, जे वृद्धाश्रमात राहत होते, ८ आठवडे पायांनी वजन उचलायला लावले. नऊ जण शेवटपर्यंत टिकले. त्यांच्या पायांची ताकद सरासरीने १७४ टक्के वाढली! हे वाचले त्या रात्री मी अण्णांच्या खोलीत डोकावलो. ते जागेच होते. खुद्द कूपरसाहेबांनीही पुढे मत सुधारले आणि वय वाढते तसा ताकदीच्या व्यायामाचा वाटा वाढवावा, असे सांगू लागले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेला सल्ला तर तालमीतल्या वस्तादांना पटावा असाच आहे: प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे दम लागेल असे मध्यम श्रम करावेत, आणि निदान २ दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना ताकदीचे काम द्यावे. ६५ वर्षांपुढच्यांनी तोल सांभाळण्याचे व्यायामही आठवड्यातून ३ दिवस करावेत.

माझा आजचा नेम साधा आहे. आठवड्यात पाच दिवस अर्धा तास भरभर चालतो. बोलता येईल पण गाता येणार नाही, अशा वेगाने. दोन दिवस, मध्ये अंतर ठेवून, बैठका, जोर आणि थोडी वजने. वजन हळूहळू वाढवतो आणि शेवटच्या दोन-तीन वेळा कष्ट पडतील इतकेच ठेवतो. एक दिवस सुटला तर सुतक पाळत नाही. ज्यांना हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी अगोदर आपल्या डॉक्टरांना विचारावे, हे वेगळे सांगायला नको. सिंहगड पुन्हा चढलो. या खेपेस बसलो तो ताक पिण्यासाठी.

अण्णांना २००९ च्या श्रावणापासून खुर्चीवरून हात न टेकता उठायला लावले. पहिल्या दिवशी एकदाच जमले. "ही तर बैठक!" ते म्हणाले, आणि जन्मभर ज्या पंथाची टिंगल केली त्याच्या यादीत ८१ व्या वर्षी त्यांनी नाव घातले. रोज एखादी वाढवत, पुढे पाठीवर पाण्याने भरलेली लहान पिशवी घेऊन, ते दहा-बारापर्यंत पोचले. त्या वर्षीच्या नरक चतुर्दशीला त्यांनी अभ्यंगस्नान स्टुलावर बसून केले होते आणि त्याबद्दल दिवसभर गप्प होते.

पुढच्या वर्षी पहाटे आईने नेहमीसारखा पाट मांडला, भोवती रांगोळी काढली. अण्णा पाटावर बसले. तेल झाले, उटणे झाले, कारीट फुटले. मी हात पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला, एक गुडघा टेकला, दुसरा पाय रोवला आणि उठून उभे राहिले. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "आता तू बस. आणि बघू, तुला उठता येते का!"