जेलिनेक, एल्विन मॉर्टन
(१८९०–१९६३). मद्यासक्तीच्या शास्त्रीय अभ्यासाचा पाया घालणारे अमेरिकन जीवसंख्याशास्त्रज्ञ. जन्म न्यूयॉर्कचा, जडणघडण बुडापेस्टची. मद्याच्या प्रश्नाकडे ते बऱ्याच आडवाटांनी आले. तरुणपणी त्यांना मानवशास्त्र व मनोविश्लेषणाची ओढ होती. पादत्राणांच्या उगमावर त्यांनी हंगेरियन भाषेत पुस्तकही लिहिले. पुढे होंडुरासमध्ये केळीवर संशोधन आणि १९३० च्या दशकात मॅसॅच्युसेट्समधील वुस्टर मनोरुग्णालयात स्किझोफ्रेनियासंबंधीचे संख्याशास्त्रीय काम. १९३९ मध्ये मद्यविषयक संशोधनाचा आढावा घेताना, व नंतर येल विद्यापीठात, हीच संख्याशास्त्रीय शिस्त उपयोगी पडली. तरीही मद्यासक्तीच्या टप्प्यांची त्यांची १९४६ मधील गाजलेली मांडणी अवघ्या ९८ प्रश्नावलींवर उभी होती, हे सहसा विसरले जाते. १९६० मध्ये लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी मद्यासक्तीचे पाच प्रकार सांगितले. त्यांपैकी ‘गॅमा’ व ‘डेल्टा’ या दोन प्रकारांनाच ते रोग मानत.