मृत्युपत्राच्या आधीचे पत्र

आपल्या धर्मग्रामांतील वडीलधारी मंडळी मृत्युपत्र करतात ते वाडी आणि घर यांच्यासाठी. विहिरीच्या पाण्यावर कोणाचा हक्क, हेदेखील त्यात बारकाईने नमूद असते. अखेरच्या आजारात श्वसनयंत्र लावावे की नाही, यावर मात्र त्यात अवाक्षर नसते. मग अतिदक्षता विभागाबाहेर मुले एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसतात. 'नको' म्हटले तर पाप तर लागणार नाही ना, ही धास्ती प्रत्येकाच्या मनात असते. या प्रश्नाचा विचार ख्रिस्तसभेत किती जुना आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे.

सोळाव्या शतकात स्पेनमधील सालामांका विद्यापीठात फ्रान्सिस्को दे व्हितोरिया हे डॉमिनिकन धर्मगुरू शिकवीत असत. प्राण राखणे हे कर्तव्यच, असे ते मानीत. परंतु वैद्याने सांगितले म्हणून कोंबडीसारखे महागडे पथ्य करण्यास रोगी बांधलेला नाही, असेही त्यांनी निःसंकोचपणे सांगितले. शतकाच्या अखेरीस दोमिंगो बान्येझ यांनी 'सामान्य' आणि 'असामान्य' उपाय असा भेद केला. श्वसनयंत्रे आल्यावर २४ नोव्हेंबर १९५७ रोजी परमगुरू पायस बारावे यांनी भूलतज्ज्ञांपुढे बोलताना याच भेदाचा आधार घेतला. सामान्य उपाय करणे बंधनकारक आहे, असामान्य नव्हे. आणि रुग्णाच्या प्रकट वा गृहीत संमतीवाचून डॉक्टरला स्वतंत्र अधिकार नाही, असे त्यांनी सांगितले.

या शिकवणीची खरी कसोटी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात एका कॅथलिक घराने दिली. एप्रिल १९७५ मध्ये एकवीस वर्षांची कॅरन अ‍ॅन क्विन्लन बेशुद्ध पडली, ती पुन्हा शुद्धीवर आली नाही. तिचे पालक जोसेफ आणि ज्युलिया यांनी कित्येक महिने आशा धरली. अखेर त्यांनी आपल्या धर्मगुरूंचा सल्ला घेतला. श्वसनयंत्र हा असामान्य उपाय आहे, तो काढण्यास हरकत नाही, असे त्यांना सांगण्यात आले. डॉक्टरांनी नकार दिला. पित्याला न्यायालयात जावे लागले आणि नोव्हेंबर १९७५ मध्ये तेथेही पदरी नकारच आला. पॅटरसनचे बिशप लॉरेन्स केसी यांनी कुटुंबाची बाजू उचलून धरली. ३१ मार्च १९७६ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने पित्याच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा निकालपत्रात बिशपांच्या निवेदनाचा आणि पायस बारावे यांच्या भाषणाचाही विचार झाला होता.

यंत्र काढल्यावर कॅरन स्वतःच श्वास घेऊ लागली आणि ११ जून १९८५ पर्यंत जगली. नळीवाटे दिले जाणारे अन्न थांबवा, असे तिच्या आईवडिलांनी कधीच म्हटले नाही. मरण आणणे वेगळे आणि मरणाची वाट अडवून न धरणे वेगळे, हे त्या दोघांनी जगून दाखविले, असे आम्हांला वाटते.

या खटल्यातील एक गोष्ट आम्हांला विशेष बोचते. आपल्याला असे यंत्रांवर जगवू नये, असे कॅरन पूर्वी मैत्रिणींशी बोलली होती. न्यायालयाने ते बोलणे पुराव्यादाखल अपुरे ठरविले. लुईस कुटनर या वकिलाने १९६९ सालीच 'लिव्हिंग विल'ची, म्हणजे जिवंतपणी अमलात यावयाच्या इच्छापत्राची, कल्पना मांडली होती. त्याच १९७६ साली कॅलिफोर्नियाने अशा पत्राला कायद्याची मान्यता दिली.

आपल्याकडे हा प्रश्न मुंबईच्या परिचारिका अरुणा शानभाग यांच्या निमित्ताने २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला. त्यांचीही लेखी इच्छा नव्हती. ९ मार्च २०१८ रोजी न्यायालयाने आगाऊ निर्देशपत्राला मान्यता दिली. मात्र त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही हवी होती. कोण म्हातारा माणूस तेथवर जाणार? २४ जानेवारी २०२३ रोजी ही अट शिथिल झाली. आता दोन साक्षीदारांसमक्ष सही करून नोटरीकडे किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडे पत्र साक्षांकित करता येते, आपल्या वतीने निर्णय देणाऱ्यांची नावे त्यात लिहावयाची असतात आणि मन बदलल्यास पत्र केव्हाही लेखी रद्द करता येते. रुग्ण बरा होण्याची आशा नाही, असा निर्णय डॉक्टरांच्या दोन मंडळांनी दिल्याखेरीज त्याचा अंमल होत नाही. वकिलाच्या खर्चाची चिंता असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रियांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत साहाय्य मिळते. आपल्या विधवा आयाबहिणींना हे कोणी सांगत नाही.

न्यायालयांच्या भाषेत आलेल्या 'निष्क्रिय दयामरण' या शब्दाने आपल्याकडे गोंधळ माजविला, हे खरे. दयामरण ख्रिस्तसभेला अमान्यच आहे. शिवाय २००४ मध्ये परमगुरू जॉन पॉल दुसरे यांनी, नळीवाटे दिले जाणारे अन्नपाणीदेखील तत्त्वतः सामान्य उपायांतच मोडते, असे स्पष्ट केले. म्हणून छापील नमुन्यावर डोळे मिटून सही करू नये. अन्नपाण्याविषयी, वेदनाशमनाविषयी आणि रुग्णाभ्यंगासाठी धर्मगुरूंना वेळेवर बोलावण्याविषयी आपल्या शब्दांत वेगळे लिहावे.

गोव्यात ३१ मे २०२४ रोजी उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी राज्यातील असे पहिले पत्र नोंदविले. पत्राची एक प्रत महानगरपालिकेच्या, नगरपालिकेच्या वा पंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे ठेवावयाची असते. दुसरी घरी, मुलांना ठाऊक असलेल्या जागी असावी.