एका उरलेल्या नळीची कहाणी

योनिमार्गाच्या भिंतीत कधी कधी द्रवाने भरलेली एक लहानशी गाठ आढळते. बहुधा ती दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत लक्षात येते. 'गाठ' म्हटले की पोटात गोळा येतो. पण ही गाठ कर्करोगाची नसते आणि त्रास नसेल तर सहसा उपचारही लागत नाहीत. निदान मात्र डॉक्टरांनीच करायला हवे. हिला 'गार्टनर सिस्ट' म्हणतात. ही गाठ येते कुठून?

अंड्यात सूक्ष्म रूपातला तयार जीव असतो व तो फक्त मोठा होतो, असे अठराव्या शतकात अनेक विद्वान मानत. १७५९ साली कास्पर वोल्फ या जर्मन तरुणाने कोंबडीचा गर्भ निरखून दाखवले, की अवयव टप्प्याटप्प्याने नव्याने घडतात. गर्भातील तात्पुरत्या मूत्रपिंडाच्या नळीला पुढे त्याचेच नाव मिळाले.

१८२२ साली गार्टनर या डॅनिश शल्यवैद्याने गाय व डुकरीण यांच्या गर्भाशयालगत एक बारीक नळी असल्याचे वर्णन केले. ती वोल्फ नळीचाच अवशेष होती. १८३० मध्ये योहानेस म्युलरने गर्भातील दुसऱ्या नळीचे वर्णन केले.

आरंभी प्रत्येक गर्भात या दोन्ही नळ्यांच्या जोड्या असतात. मुलात वोल्फ नळीपासून शुक्रवाहिनी बनते, तर मुलीत म्युलर नळीपासून गर्भाशय. नको असलेली नळी विरून जाते. मुलीत वोल्फ नळीचा एखादा तुकडा मागे राहिला आणि त्यात द्रव साचला, की ही गाठ तयार होते. मूत्रवाहिनीचा अंकुरही याच नळीतून फुटत असल्याने काही वेळा गाठीबरोबर मूत्रपिंडाचे जन्मजात दोषही आढळतात.

पण नळी विरते कशी? १९४७ साली फ्रान्सच्या आल्फ्रेड जोस्त यांनी सशाच्या गर्भातील जननग्रंथी काढून टाकल्या. नर गर्भही मादीसारखा वाढला! त्यावरून समज रूढ झाला, की पुरुषी संप्रेरक नसले की वोल्फ नळी आपोआप नाहीशी होते. २०१७ साली अमेरिकन संशोधकांनी मादी उंदरांच्या गर्भात एक विशिष्ट प्रथिन बनू दिले नाही. पुरुषी संप्रेरकाची मदत नसतानाही नळी टिकली! म्हणजे ती आपोआप जात नाही. मादी गर्भ तिला प्रयत्नपूर्वक काढून टाकतो.

स्त्रीशरीर म्हणजे काहीतरी 'नसल्याचा' परिणाम, हे वाक्य वर्गात सांगण्यापूर्वी आता थांबायला हवे.