सहा नंबरचा रस्ता

आमचं कारंजा घाडगे नागपूर-अमरावती रस्त्यावरचं. १९८६ च्या माघात अब्बांच्या राजदूतवर मागे बसून मी नागपूरला निघालो. कोंढाळीकडं संत्र्याचे बगीचे फुललेले. तो वास अजून नाकात आहे.

हजीऱ्याहून कोलकात्याला जाणाऱ्या या 'सहा नंबर'चा आमच्याकडचा भाग २०१० मध्ये कागदोपत्री ५३ झाला. आम्ही मात्र सहाच म्हणतो. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला, तो आपल्या वर्धा जिल्ह्यातूनच जातो. त्यावर दुचाकीला मनाई. तिथला वेग पाहता ते बरोबरच आहे म्हणा! पण राजदूतवाल्यांना जुनीच वाट.

अब्बा गेले, त्यानंतरच्या माघात तीच गाडी काढली. कोंढाळीला थांबलो आणि सवयीनं दोन चहा सांगितले.