घरांतील तिकिटाची खिडकी

नाटकगृहाच्या दारांत आपण तिकीट काढतों, तेव्हां आपल्या हातून एक लहानसा करार होत असतो. खेळ आवडला नाहीं तर पुन्हां येणार नाहीं, एवढीच त्याची अट. पण तेवढ्या अटीमुळें नाटकमंडळीला प्रेक्षकाच्या मनाचा विचार करावा लागतो. अमेरिकेंत दूरचित्रवाणी घरोघर आली ती मात्र बहुतांशीं ह्या कराराशिवाय. तिचा खर्च साबण, सिगारेट आणि मोटारी विकणाऱ्या कारखानदारांनीं उचलला. प्रेक्षकाला वाटे, कार्यक्रम फुकट मिळत आहेत. परंतु खरें पाहतां तेथें विकला जाणारा माल म्हणजे प्रेक्षकाचें लक्ष होतें, आणि गिऱ्हाईक होता जाहिरातदार. प्रेक्षकाला पुन्हां गिऱ्हाइकाच्या जागीं बसविणाऱ्या एका वाहिनीची हकीकत आज सांगावयाची आहे. तिचें नांव होम बॉक्स ऑफिस, म्हणजे अक्षरशः घरांतील तिकिटाची खिडकी. एच्. बी. ओ. ह्या आद्याक्षरांनीं ती जगभर ओळखली जाते.

मोल देऊन दूरचित्रवाणी पाहावी, ही कल्पना तिच्या पूर्वींची आहे. कॅलिफोर्नियांत १९६४ सालीं एका कंपनीनें तारेनें कार्यक्रम पोहोंचवून त्यांचे पैसे घेण्यास आरंभ केला. चित्रपटगृहांचे मालक खवळले. फुकट मिळणारी करमणूक आतां बुडणार, अशी त्यांनीं हाकाटी केली आणि त्याच वर्षीं नोव्हेंबरांत मतदारांनीं बहुमतानें ह्या धंद्यावर बंदी घातली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें १९६६ सालीं ती बंदी रद्द ठरविली खरी. पण तोंपर्यंत त्या कंपनीचा धंदा बसला होता.

कल्पनेला आधार मिळाला तो तारेचाच, पण निराळ्या वाटेनें. पेन्सिल्व्हेनियाच्या डोंगराळ गांवांत चित्रलहरी नीट पोहोंचत नसत. म्हणून १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तेथें टेकडीवर उंच एरिअल उभारून खालीं घरोघर तारा नेण्याची प्रथा पडली. न्यूयॉर्कच्या मॅनहटन भागांत डोंगरांची जागा उत्तुंग इमारतींनीं घेतलेली! तेथें रस्त्यांखालून तारा घालणाऱ्या कंपनीचे चालक चार्ल्स डोलन हे होते. तारा घालण्यांत पैसा पाण्यासारखा जात होता आणि उत्पन्न तुटपुंजें होतें. तेव्हां ह्या तारांवरूनच निवडक चित्रपट व खेळ दाखवावे आणि त्यांची वेगळी वर्गणी घ्यावी, ही योजना डोलन यांनीं टाइम ह्या प्रसिद्ध प्रकाशनसंस्थेपुढें मांडली. ८ नोव्हेंबर १९७२ च्या रात्रीं पेन्सिल्व्हेनियांतील विल्क्स-बॅरी ह्या शहरांत वाहिनी सुरू झाली. त्याच जूनमध्यें महापुरानें हें शहर उद्ध्वस्त झालें होतें. प्रथम न्यूयॉर्कहून आइस-हॉकीचा सामना दाखविला गेला आणि त्यामागून एक चित्रपट. वर्गणीदार होते अवघे ३६५!

पुढचीं तीन वर्षें खडतर गेलीं. मनोऱ्यावरून मनोऱ्यावर लहरी फेंकीत कार्यक्रम नेण्याची पद्धत खर्चाची होती आणि तिची मजलही तोकडी होती. डोलन १९७३ सालीं बाहेर पडले. त्यांच्यामागून सूत्रें हातीं घेणाऱ्या जेरल्ड लेव्हिन यांनीं उपग्रहाचा आश्रय घेण्याचें धाडस केलें. ३० सप्टेंबर १९७५ च्या रात्रीं फिलिपीन्समध्यें चाललेली महंमद अली व जो फ्रेझियर यांची मुष्टियुद्धाची झुंज फ्लोरिडा व मिसिसिपी येथील वर्गणीदारांनीं घरीं बसून पाहिली. एका रात्रींत डोंगर, मनोरे आणि अंतर ह्या तिन्ही अडचणी जणूं ओलांडल्या गेल्या. तार असलेल्या कोणत्याही गांवांत ही खिडकी आतां उघडतां येणार होती. वर्गणीच्या वाहिन्यांनीं कोणते चित्रपट व खेळ दाखवावे, यावर सरकारी नियमांचे निर्बंध होते. तेही १९७७ सालीं वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयानें मोडून काढले.

परंतु खिडकी उघडली म्हणजे प्रेक्षक कायमचा आला असें होत नाहीं. व्हिडिओच्या फिती भाड्यानें मिळूं लागतांच नुसत्या चित्रपटांसाठीं वर्गणी कां भरावी, हा प्रश्न उभा राहिला. त्यावर स्वतःची निर्मिती हाच उपाय होता. येथें त्या जुन्या कराराचें सामर्थ्य दिसून आलें. जाहिरातदाराला एकाच घटकेला पुष्कळ डोळे हवे असतात आणि कोणी दुखावलेला नको असतो. वर्गणीवर चालणाऱ्या वाहिनीला घरांतील एकाला तरी असें कांहीं द्यावें लागतें, कीं ज्यासाठीं पुढच्या महिन्याचे पैसे भरावेसे वाटतील. म्हणून ती थोड्यांच्या आवडीचेंही करूं शकते. शिवाय दर दहा-बारा मिनिटांनीं जाहिरातीसाठीं कथा तोडावी लागत नाहीं. १९९७ सालीं तुरुंगाच्या जीवनावरील 'ऑझ', १९९९ सालीं 'द सोप्रानोज' आणि २००२ सालीं 'द वायर' ह्या मालिका निघाल्या, त्या ह्याच मोकळिकीमुळें. 'द सोप्रानोज'चा नायक एका गुन्हेगार टोळीचा म्होरक्या असून मनोवैद्याकडे उपचार घेतो. अशा माणसाच्या शेजारीं आपला साबण मांडावयाला किती कारखानदार धजले असते? हिंसा आणि नग्नता यांचा सोस ह्याच मोकळिकीनें पोसला, हेंही नाकारतां येत नाहीं.

आपल्या देशांत ही वाहिनी २००० सालीं आली. पण येतांना आपला करार मागेंच ठेवून आली. येथें घरोघरचे लोक केबलवाल्याला दरमहा पैसे देत आणि वर चित्रपटाच्या मधोमध जाहिरातीही पाहात. नांव तेंच, पण धनी दोन! २०२० च्या डिसेंबरांत ती येथें बंद झाली. केवळ पैसे मोजल्यानें प्रेक्षक धनी होत नाहीं. एकट्या त्याच्याच पैशावर कारभार चालावा लागतो, तेव्हांच त्याचा शब्द चालतो.

मग हा करार निर्दोष म्हणावा काय? १९८६ च्या जानेवारींत एच्. बी. ओ.नें आपल्या उपग्रहलहरींना कुलूप घातलें. स्वतःच्या अंगणांत तबकडी उभारून जे फुकट पाहात, त्यांना आतां महिना सुमारें तेरा डॉलर पडूं लागले. एप्रिलच्या एका रात्रीं फ्लोरिडांतील एका तंत्रज्ञानें तिचें प्रक्षेपण अडवून पडद्यावर ह्या दराचा निषेध झळकविला. त्याला दंड झाला, आणि तें न्याय्यच होतें. पण त्याच्या तक्रारीमागचा प्रश्न दंडानें मिटला नाहीं. 'द वायर' ह्या मालिकेंत बाल्टिमोर शहरांतील दरिद्री वस्तीचें जीवन ज्या सहानुभूतीनें रंगविलें आहे, तसें क्वचितच कोणी रंगविलें असेल. परंतु ज्या वस्तीची ही कथा, तिला दरमहाची ही वर्गणी सहज परवडणारी नव्हती. कलावंताला जाहिरातदाराच्या दारांतून सोडविणारी खिडकी गरिबाला मात्र बाहेरच उभें करिते.

आज पडदा खिशांत आला आहे आणि वर्गणी मागणाऱ्यांची रांग लागली आहे. त्यांतल्या कित्येकांनीं वर्गणीच्या जोडीला जाहिरातीही पुन्हां सुरू केल्या आहेत. म्हणून पैसे भरतांना आपल्या घरांतील मंडळींनीं एवढें विचारावें, कीं ह्या खिडकींत आपण गिऱ्हाईक आहों कीं माल? आणि आपल्याला मिळालेलें चांगलें, खिडकीबाहेर राहिलेल्यांच्या दृष्टीस कोणत्या वाटेनें पडेल?